पाठीखालची गादी, पाठीतली गादी

मराठीत 'गादी' हा शब्द कंबरदुखीच्या संदर्भात दोन वेगळ्या वस्तूंसाठी वापरला जातो. एक गादी पाठीखाली अंथरली जाते. दुसरी पाठीच्या कण्यात, दोन मणक्यांच्या मधोमध असते, आणि 'गादी सरकली', 'गादी दबली', 'गादी झिजली' ही रुग्णांच्या तोंडी नेहमी येणारी वाक्ये या दुसऱ्या गादीविषयीची असतात. कंबर दुखू लागली की पहिला विचार मात्र पाठीखालच्या गादीचाच होतो, कारण ती बदलता येते. मुंबईच्या गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत त्या विचाराला एक ठरलेले उत्तरही मिळते: कडक गादी घ्या, नाहीतर सरळ जमिनीवर झोपा. हे उत्तर अर्धेच खरे आहे, आणि ते इथे इतके रुजले याचे श्रेय वैद्यकशास्त्राइतकेच या भागातल्या खोल्यांच्या आकारालाही दिले पाहिजे.

आधी आतली गादी पाहू. कमरेच्या भागात पाच मणके असतात आणि शरीराच्या वरच्या भागाचा बहुतेक भार तेच वाहतात. दोन मणक्यांच्या मधल्या चकतीला बाहेरून चिवट तंतूंचे थरावर थर असलेले कडे असते आणि त्याच्या आत जेलीसारखा मऊ गर असतो. या गरात पाणी मोठ्या प्रमाणात असते. दिवसभर उभे राहून आणि बसून भार पडला की त्यातले थोडे पाणी बाहेर पिळले जाते, आणि रात्री माणूस आडवा झाला की चकती ते पाणी पुन्हा शोषून घेते. सकाळी माणसाची उंची रात्रीपेक्षा सुमारे एक टक्क्याने, म्हणजे दीड-दोन सेंटीमीटरने जास्त भरते ती यामुळेच. हाडे, चकत्या, स्नायू आणि सांधे यांपैकी नेमके काय दुखते आहे हे बहुतेक वेळा क्ष-किरणांच्या चित्रातून सांगता येत नाही. अशा दुखण्याला 'अविशिष्ट कंबरदुखी' म्हणतात आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते कंबरदुखीच्या १० पैकी ९ रुग्णांचे दुखणे याच प्रकारचे असते. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. गादीच्या निवडीविषयी पुढे जे येते ते मुख्यतः अविशिष्ट कंबरदुखीच्या रुग्णांना लागू आहे.

आता खोलीकडे वळू. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आणि १९२० साली निघालेले बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले 'बीडीडी', यांनी गिरणगावात आणि आसपास चाळी उभ्या केल्या; खासगी मालकांच्या चाळी तर त्याआधीपासून होत्याच. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून बीडीडीच्या २०७ चाळी, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. परळ भागातल्या कामगारांच्या राहणीचा अभ्यास करणाऱ्या बर्नेट-हर्स्ट यांनी १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मुंबईतले सुमारे ९७ टक्के कामगार एका खोलीत राहतात असे नोंदवले आहे. अशा खोलीत पलंग हे फर्निचर नव्हे, ते अतिक्रमण होय. दिवसा जिथे जेवणाची पंगत बसते, मुले अभ्यास करतात आणि पाहुणा टेकतो, तिथेच रात्री अंथरुणे पडतात. गाळ्यात राहणाऱ्या कोकणातल्या आणि घाटावरच्या गिरणी कामगारांत तर पाळी संपवून येणारा आणि पाळीवर जाणारा यांना जागा आळीपाळीने वापरावी लागे. गादी गुंडाळता आली पाहिजे, दोघांनी उचलून पोटमाळ्यावर टाकता आली पाहिजे, आणि वळकटी बांधून गॅलरीतही नेता आली पाहिजे, या तीन अटींनी तिची जाडी ठरवली. दोन-तीन इंचांची कापसाची गादी, खाली सतरंजी किंवा चटई, आणि त्याखाली फरशी: पिढ्यान्‌पिढ्यांची पाठ यावर टेकली, आणि पुढे डॉक्टरांनी 'कडक गादी घ्या' असे सांगितले तेव्हा त्या सल्ल्याने घरातल्या नाइलाजाला शास्त्राचा आधार मिळाला.

ही कापसाची गादी आज जुनाट मानली जात असली तरी तिच्या रचनेत बरेच शहाणपण होते. चांगल्या गादीसाठी आखूड आणि खरखरीत धाग्याचा देशी कापूस घेत, कारण तलम लांब धाग्याच्या कापसापेक्षा त्याचे तंतू दाबल्यावर पुन्हा उभारी धरतात. स्वस्त गादीत मात्र गिरणीतला रद्दी कापूस भरला जाई आणि तो लवकर बसे. लांब लाकडी कमानीवर ताणलेल्या तातीवर ठोकळ्याने आघात करीत पिंजारी कापूस पिंजे, तेव्हा गोळे सुटून तंतू एकमेकांपासून मोकळे होत आणि त्यांच्यामध्ये हवा शिरे. गादीचा मऊपणा कापसापेक्षा या हवेचाच असतो. मग तो कापूस खोळीत सारखा पसरून, खोळ शिवून, दाभणाने ठरावीक अंतरावर आरपार टाके घातले जात. हे टाके शोभेचे नसतात, कापूस कडेला सरकून मधे पोकळी पडू नये म्हणून ते घालतात. पण कापसाला स्वतःची स्प्रिंग नसते. रोज रात्री ढुंगण आणि खांदे यांच्या खालचा कापूस दबत जातो, मुंबईच्या दमट हवेत घाम आणि ओल धरून त्याचे गोळे होतात, आणि दोन-तीन वर्षांत गादीच्या मध्यभागी उथळ खड्डा तयार होतो. म्हणून गादीला ऊन दाखवणे, डोके-पाय आणि वर-खाली बदलून ती अंथरणे आणि दर एक-दोन वर्षांनी कापूस पुन्हा पिंजून घेणे हे तिच्या वापराचेच भाग होते. ताती धरणारा पिंजारी गल्लीत क्वचितच दिसतो, पण यंत्रावर कापूस पिंजून देणारे गादीवाले अजूनही आहेत. ज्यांची गादी कापसाची आहे आणि कंबर दुखू लागली आहे, त्यांनी हजारो रुपयांची नवी गादी घेण्याआधी हा स्वस्त प्रयोग जरूर करावा.

कडक गादीच्या सल्ल्याचा वैद्यकीय इतिहास फार भक्कम नाही. विसाव्या शतकातला बराच काळ कमरेत उसण भरलेल्या रुग्णाला फळीवर किंवा प्लायवूडवर निजवून आठवडाभर विश्रांती देणे हा मान्य उपचार होता. १९८६ साली अमेरिकेतील डेयो आणि सहकाऱ्यांनी २०३ रुग्णांवर केलेल्या चाचणीत दोन दिवसांची विश्रांती सात दिवसांइतकीच उपयोगी ठरली, तर १९९५ साली हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या चाचणीत, झेपेल तितकी नेहमीची कामे करत राहिलेले रुग्ण अंथरुणाला खिळवलेल्यांपेक्षा लवकर बरे झाले. फळीचे महत्त्व त्या विश्रांतीबरोबरच जायला हवे होते, पण ते गेले नाही. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी सर्वेक्षणात सुमारे तीन-चतुर्थांश अस्थिरोगतज्ज्ञ रुग्णांना कडक गादीचीच शिफारस करत असल्याचे दिसले, आणि त्या वेळी या शिफारशीमागे मोठी तुलनात्मक चाचणी जवळजवळ नव्हती.

ती चाचणी स्पेनमध्ये झाली. फ्रान्सिस्को कोवाक्स आणि सहकाऱ्यांनी २००३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात तिचे निष्कर्ष मांडले. दीर्घकाळची अविशिष्ट कंबरदुखी असलेल्या ३१३ प्रौढांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटून एकाला कडक आणि दुसऱ्याला मध्यम कडक गादी देण्यात आली, आणि कोणाच्या घरी कोणती गादी आहे हे रुग्णांना सांगण्यात आले नाही. गादीचा कडकपणा युरोपीय मोजपट्टीवर ठरवला होता, जिच्यावर १ म्हणजे सर्वात कडक आणि १० म्हणजे सर्वात मऊ. कडक गाद्या २.३ वर होत्या आणि मध्यम कडक ५.६ वर. ९० दिवसांनंतर अंथरुणातले दुखणे, उठतानाचे दुखणे आणि दैनंदिन हालचालींतली अडचण या तिन्ही बाबतींत मध्यम कडक गादीवरचे रुग्ण अधिक सुधारले होते. २००८ साली डेन्मार्कमध्ये १६० रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या चाचणीत पाण्याची गादी, शरीराच्या आकाराप्रमाणे दबणारी फोमची गादी आणि जपानी फुटॉनच्या धर्तीची कठीण गादी यांची तुलना झाली. पहिल्या दोन्ही थोड्या सरस ठरल्या, पण फरक लहान होता. या लहान फरकाची आठवण ठेवणे महत्त्वाचे आहे. चांगली गादी दुखणे कमी करू शकते, पण दुखण्याचे मूळ काढण्याचा दावा कोणत्याही चाचणीने केलेला नाही.

मध्यम कडक गादी का उपयोगी पडते हे कुशीवर झोपलेल्या माणसाकडे पाठीमागून पाहिले की कळते. खांदा आणि नितंब हे शरीराचे रुंद भाग, आणि कंबर त्यांच्यामध्ये आत गेलेली. फरशीवर किंवा फार कडक गादीवर खांदा आणि नितंब यांवरच सगळा भार येतो, कंबर अधांतरी राहते आणि तिला तोलून धरण्यासाठी स्नायू रात्रभर ताणलेले राहतात. शिवाय दाब असह्य होऊन माणूस वारंवार कूस बदलतो. फार मऊ गादीत उलट घडते: नितंब जड म्हणून तो खोल जातो आणि कणा झोळीसारखा खाली झुकतो. खांदा आणि नितंब बेताने आत जातील आणि कमरेलाही खालून टेकू मिळेल इतकी नरम, पण कणा सरळ रेषेत राहील इतकी घट्ट, अशी गादी हवी. यातून एक गोष्ट ओघानेच येते की कडकपणा माणसागणिक वेगळा असतो. ४५ किलोच्या बारीक अंगाच्या बाईला जी गादी दगडासारखी लागते तीच ९० किलोच्या पुरुषाला योग्य वाटू शकते, आणि एकाच पलंगावर झोपणाऱ्या अशा जोडप्याने जोड-गादीऐवजी सहा बाय तीनच्या दोन वेगळ्या गाद्या शेजारी ठेवणे अधिक शहाणपणाचे. दुकानात गादीवर बसून, हाताने दाबून काहीही कळत नाही. चपला काढून, घरी ज्या कुशीवर झोपतो त्या कुशीवर, दहा-पंधरा मिनिटे निवांत पडून राहावे आणि सोबतच्या माणसाला पाठीचा कणा आडव्या सरळ रेषेत दिसतो का ते पाहायला सांगावे. उताणे पडल्यावर कमरेखाली तळहात सहज आरपार जात असेल तर गादी कडक आहे, आणि मुळीच शिरत नसेल व कूस वळायलाही कष्ट पडत असतील तर ती मऊ आहे.

गादीच्या चर्चेत सहसा न येणारी, पण चाळीतल्या घराला सर्वात जवळची बाब म्हणजे सकाळ. विल्के या जर्मन संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली एका निरोगी स्वयंसेवकाच्या कमरेच्या चकतीत सूक्ष्म दाबमापक बसवून मोजमापे घेतली. दाबाचे 'मेगापास्कल' हे एकक वापरले तर आडवे पडल्यावर चकतीतला दाब ०.१, उभे असताना ०.५, आणि पाठ वाकवून २० किलोचे ओझे उचलताना २.३ भरला. याहून लक्षणीय निरीक्षण असे की सात तासांच्या झोपेत दाब ०.१ वरून ०.२४ पर्यंत चढत गेला, कारण चकती पाणी पिऊन फुगत होती. फुगलेली चकती ताठ असते आणि त्या अवस्थेत पुढे वाकले की तिच्यावर व अस्थिबंधांवर, म्हणजे हाडे जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांवर, दुपारच्या मानाने कितीतरी जास्त ताण येतो. अमेरिकेतील स्नूक आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवले की जुनी कंबरदुखी असलेल्या माणसांनी उठल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात कमरेतून वाकणे टाळले तर त्यांचे दुखणे कमी होते.

आता चाळीतल्या खोलीतली सकाळ पाहावी. पाणी येण्याची वेळ पहाटेची, पुरुषांच्या गाडीची वेळ ठरलेली, म्हणून घरातली बाई डोळे उघडताच गुडघे न वाकवता कमरेतून ओणवी होते, चादरी झटकते, आठ-दहा किलोची गादी गुंडाळते आणि ती डोक्याच्या वर माळ्यावर चढवते. त्यानंतर केर काढते आणि खालच्या नळाखालची कळशी उचलते. म्हणजे चकती सर्वात फुगलेली असताना, दिवसातले सर्वात वाईट वाकणे, रोज, न चुकता. अशा घरात नव्या गादीवर पैसे खर्च करण्याआधी अंथरुणे अर्ध्या-पाऊण तासाने, चहा झाल्यावर उचलणे, ती उचलण्याचे काम घरातल्या तरुण मुलांकडे देणे, आणि माळ्याऐवजी कोपऱ्यात कमरेइतक्या उंचीवर ठेवणे, हे उपाय आधी करून पाहावेत. उठतानाही थेट बसू नये. कुशीवर वळावे, पलंग असेल तर पाय खाली सोडावेत आणि हाताच्या आधाराने उठावे. कुशीवर झोपणाऱ्याने दोन गुडघ्यांमध्ये आणि उताण्या झोपणाऱ्याने गुडघ्यांखाली उशी किंवा गुंडाळलेली चादर ठेवली तर कमरेवरचा ताण हलका होतो, आणि त्याला काही खर्च नाही.

बाजारातले पर्याय आता बरेच आहेत, त्यांची नावे मात्र माहितीपेक्षा मोहच जास्त पाडतात. 'ऑर्थोपेडिक' या शब्दाला वैद्यकीय मान्यतेचा अर्थ नाही. तो बहुधा 'कडक' याचाच प्रतिशब्द असतो. अशा बऱ्याच गाद्यांत फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला, 'रिबॉन्डेड' म्हणवला जाणारा कठीण थर असतो. कोकणातल्या माणसाला नवा नसलेला काथ्या रबराच्या चिकाने चिकटवून केलेली गादी हवेशीर आणि घट्ट असते. हलक्या दर्जाची असेल तर काही वर्षांत तिचा काथ्या चुरतो. जुन्या मुंबईकरांच्या तोंडी अजून 'डनलॉप' म्हणून ओळखला जाणारा फोम निवडताना विक्रेता '३२ डेन्सिटी', '४० डेन्सिटी' असे आकडे सांगतो. तो एक घनमीटर फोमच्या वजनाचा किलोतला आकडा आहे आणि त्यावरून टिकाऊपणाचा अंदाज येतो, कडकपणाचा नव्हे. १९६६ साली अमेरिकेच्या नासा या अंतराळ संस्थेसाठीच्या कामातून निघालेला 'मेमरी फोम' शरीराच्या उष्णतेने मऊ होतो आणि उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे वातानुकूलन नसलेल्या मुंबईच्या खोलीत मे महिन्यात त्याचा जाड थर नकोसा होतो. घट्ट गादीवर एक-दीड इंचाचा थर मात्र बारीक अंगाच्या माणसाला सुखाचा वाटू शकतो. लेटेक्स चांगले, टिकाऊ आणि महाग असते. स्प्रिंगच्या गादीत प्रत्येक स्प्रिंग स्वतंत्र पिशवीत असलेली जात निवडावी, म्हणजे एकाच्या हालचालीने दुसरा जागा होत नाही. कोणत्याही प्रकारात झोपून उठल्यावरही न भरणारा खड्डा पडला की गादीचे काम संपले असे समजावे, मग हमी कितीही वर्षांची असो.

ही चर्चा आता आणखी निकडीची झाली आहे, कारण घरे बदलत आहेत. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांची सदनिका मिळते, आणि तिच्यात आयुष्यात पहिल्यांदा कायमचा पलंग येतो. हा पलंग बहुधा सामान ठेवण्याच्या पेटीचा असतो आणि त्यावर सपाट प्लायवूड असते. असा पाया चांगला असतो, पण त्यावर चार इंचांची कठीण गादी टाकली तर पुन्हा फरशीवरचाच अनुभव येतो, म्हणून गादीची परीक्षा घरच्या पायासारख्याच पायावर करावी. जुना लोखंडी पलंग मधे झुकलेला असेल तर मात्र नवी गादीही त्याच आकाराची होईल. तिथे आधी फळी बदलावी. वृद्धांसाठी पलंगाची उंची गादीच्या प्रतीइतकीच महत्त्वाची: कडेला बसल्यावर तळपाय जमिनीला टेकावेत आणि गुडघे काटकोनात यावेत.

गादी बदलून तीन-चार आठवडे झाले, तरी फरक पडला नाही, तर पुढची गादी शोधण्यात अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकाळच्या कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली त्यांत व्यायामाला महत्त्वाचे स्थान आहे, आणि व्यायाम शिकवणारे शास्त्र या भागाच्या दारातच आहे: परळच्या केईएम रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या आरंभी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने देशातले पहिले फिजिओथेरपी विद्यालय सुरू झाले, आणि हाजी अलीजवळची पुनर्वसन संस्था १९५५ पासून काम करते आहे. चाळिशीच्या आतल्या माणसाची कंबर सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ आखडलेली राहत असेल आणि दुखणे विश्रांतीने वाढून हालचालीने कमी होत असेल, तर तो मणक्यांच्या सांध्यांचा दाह असू शकतो. रात्री झोपू न देणारे दुखणे, संध्याकाळचा बारीक ताप आणि उतरणारे वजन ही लक्षणे एकत्र असतील तर मणक्याच्या क्षयाची शंका घेऊन तपासणी करावी लागते, आणि या शहरात ती शंका दूरची नाही. दोन्ही पायांत येणारा अशक्तपणा, बैठकीच्या जागेवरची बधिरता किंवा लघवी अडणे यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कमरेतल्या मज्जातंतूंवरचा दाब काढायला उशीर झाला, तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.